जुन्या वावराला दाखवलेली माती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्या दोन मित्रांपाशी मी सगळं बोलतो असं त्यांना वाटतं, त्यांनाही नाही. आज लिहायला बसलो तेव्हा आधी टेबल आवरलं, मग चहा केला, मग खिडकीची काच पुसली — टाळता येईल तेवढं टाळून झालं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असता तर सांगितलं नसतं. एवढं तरी मी स्वतःला ओळखून आहे.

मी मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करतो. डोळ्यांना न दिसणारे जीव — चिमूटभर मातीत इतके, की मोजायला बसू नये. पूर्वी त्यांना काचेच्या बशीत वाढवून ओळखत. पण त्यातले बहुतेक बशीत वाढतच नाहीत. आता आम्ही मातीतून सरळ डीएनए काढतो, यंत्राकडून तो वाचून घेतो, आणि त्या मजकुरावरून कोण कोण तिथे नांदतंय ते ठरवतो. चोर सापडावा तसे जीव सापडतात. ही उपमा मी वर्गात नेहमी देतो. मुलं हसतात. मीही हसतो — काय करणार?

माझं मूळ गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात. होतं, म्हणायला हवं. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. आम्हाला कळंबजवळ जमीन मिळाली, हमरस्त्यापासून आत. मी तेव्हा इतका लहान होतो, की गावाबद्दल मला जे आठवतं ते मला आठवतं की आईने सांगितलंय, हेही सांगता येत नाही. गाव बुडालं, पण गावामागचं टेकाड राहिलं. चहूबाजूंनी पाणी, मधे ते टेकाड. उन्हाळ्यात धरण कितीही उतरलं, तरी त्याच्या भोवतीचं जुनं पात्र खोलच राहतं. होडीशिवाय जाता येत नाही. टेकाडाच्या माथ्यावर गावदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे. आणि माथ्याच्या जरा खाली, पूर्वेच्या अंगाला, एक सपाट तुकडा आहे. तो आमचा. आमच्या वरकस, उताराच्या हलक्या जमिनीचा तेवढाच तुकडा पाण्याच्या वर राहिला.

आता आईची एक रीत सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, आणि खरं तर तीच सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

गावदेवाला वर्षातून एकदा, चैत्रात, जुन्या गावची चार घरं होडीने जातात. नारळ फोडतात, येतात. पण आमच्या आईचं त्याने भागत नसे. ती नव्या वावरातली ओंजळभर माती फडक्यात बांधून न्यायची, आमच्या त्या जुन्या तुकड्यात हाताने कालवायची आणि तिथली ओंजळभर परत आणून कळंबच्या वावरात टाकायची. लहानपणी मी विचारलं होतं, हे कशाला? ती म्हणाली होती, "नव्या वावराची माती जुन्याला दाखवाया पायजे, बाळा. त्याला कळाया नगं का, आपली मानसं कुठं गेली ती?"

वडील गेल्यावर तिचे गुडघे गेले. होडीत चढणं होईना. मग फडकं माझ्या हातात आलं. मी पुण्यात शिकवणारा माणूस, सूक्ष्मजीवशास्त्राचा डॉक्टर — आणि दर उन्हाळ्यात बॅगेत मातीचं फडकं घेऊन धरणावर जायचो. माझा त्यावर विश्वास होता का? नव्हता. पण आल्यावर आई विचारायची, "दाखवली का?" आणि खोटं बोलणं मला जमायचं नाही. तेव्हा जमायचं नाही.

आणखी एक. त्या वर्षांत आम्ही कळंबच्या वावरात सोयाबीन करत होतो. पेरणीआधी बियाण्याला जीवाणूंचं खत चोळायचं असतं — मुळांवर गाठी करणारा, हवेतला नत्र धरणारा जीवाणू. ती पाकिटं मीच पुण्याहून आणायचो. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला कसं चोळायचं, हे आईला मीच शिकवलं. शास्त्रशुद्ध शेती! मोठ्या तोऱ्यात शिकवलं होतं. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर आमच्या संस्थेत एक प्रकल्प निघाला. मोठे सर — आम्ही त्यांना तेवढंच म्हणायचो — त्यांच्या डोक्यात एक प्रश्न होता. एखादी जमीन माणसापासून आणि नांगरापासून तुटली, तर तिच्या पोटातली वस्ती कशी बदलते? दूरच्या समुद्रातल्या बेटांवर असले अभ्यास झालेले होते. आपल्याकडे कुठलं असं बेट? मी हात वर केला. म्हणालो, आमचं आहे. धरणातलं टेकाड. तीन बाजूंचा काठ आणि मधलं बेट, दोन्हीकडची माती घेऊ, तुलना करू. पाणी भरल्यापासून तिथे ना गुरं, ना पेरणी.

सरांनी विचारलं, माणसं?

मी म्हणालो, माथ्यावर देव आहे, वर्षातून एकदा चार माणसं जातात. तेवढा माथा सोडून देऊ. बाकी कुणी पाऊल ठेवत नाही.

बाकी कुणी पाऊल ठेवत नाही — हे प्रस्तावात माझ्या हाताने लिहिलेलं वाक्य आहे. त्या वेळी मी जाणूनबुजून खोटं लिहिलं का? मला तेव्हा आमचा तुकडा आठवला होता. विसरलो होतो असं म्हणायची मला फार इच्छा आहे, पण आठवला होता. मनात म्हटलं, ओंजळभर मातीने काय होतंय. चिमूटभर मातीत किती जीव असतात हे पोरांना सांगून पोट भरणारा माणूस असं म्हणाला. पण खरं कारण वेगळं होतं. त्या टेबलाभोवती बसलेल्या लोकांसमोर — बाहेरदेशी शिकून आलेल्या, सफाईदार बोलणाऱ्या — 'माझी आई शेताला शेत दाखवायला पाठवते आणि मी जातो' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मला आईची लाज वाटली. ही पहिली गोष्ट.

सारिका या प्रकल्पावर साहाय्यक म्हणून आली. जुन्नर तालुक्यातली, मढची. घरची शेती, वडिलांची थोडी मेंढरं. घरात लग्नाची बोलणी चालली होती. तिने बापाला पटवून पीएचडीपुरती सवड मागून घेतली होती. या प्रकल्पातलं काम नीट झालं की मोठे सर तिला विद्यार्थिनी म्हणून घेणार, असं ठरल्यासारखं होतं. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका गोष्टीवर टेकलेलं होतं, आणि हे मला माहीत होतं. डबा खाताना ती माझ्याशी मोकळेपणाने बोलायची. मी तिच्या भागातला. "सर, तुमी हाय म्हणून बरं वाटतं," असं एकदा घाईत तिच्या घरच्या बोलीत म्हणाली आणि लाजली होती.

हाताने ती फार चोख होती. प्रत्येक नमुन्यानंतर हातमोजे बदलायचे, पहार स्पिरिटने पुसून जाळावर धरायची, पिशवीवर दोनदा नाव. आमच्यात असे चोख लोक कमीच.

दिवाळीनंतर आम्ही बेटावर गेलो. होडी तात्यांची, दर उन्हाळ्यात मला नेणारे तेच. काठावरून निघताना इंजिनाची दोरी ओढता ओढता ते हसून म्हणाले, "औंदा दुसऱ्यांदा आलात, राव! माती आणलीया का फडक्यात?"

सारिकाने माझ्याकडे पाहिलं. "कसली माती, सर?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "यांना कुंड्यांना हवी असते, ती आणून देतो कधी कधी."

इंजिन सुरू झालं आणि पुढचं बोलणं त्या आवाजात गेलं. तात्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. तिने ऐकलं.

माती कुठून घ्यायची त्या जागा आधीच नकाशावर चौकटी आखून ठरवलेल्या होत्या. मनाने जागा निवडायची नाही हा नियम. एक जागा नेमकी आमच्या तुकड्यावर पडली. मी तिथे उभा होतो. पायाखालची माती मला ओळखीची होती — बाजूच्या मुरमाड लालसर मातीत तेवढाच एक काळपट डाग. कळंबच्या काळ्या मातीच्या ओंजळी वर्षानुवर्षं पडून पडून झालेला. ही जागा सोडू, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण सारिका विचारणार, का? मी दोन पावलं मागे सरकलो. तिने पहार घातली.

निकाल आले ते फाल्गुनात. बेटाची माती काठच्या मातीहून वेगळी निघाली होती, सरांचा अंदाज खरा ठरत होता, सगळे खुशीत होते. फक्त एका जागेच्या नमुन्यांत नको तो पाहुणा बसला होता. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा जीवाणू. त्याची ओळख पक्की करायला आणखी एक जनुक वाचलं, तोच. जिथे सोयाबीनचं एक रोपही कधी उगवलं नाही, त्या बेटावर बाजारातल्या पाकिटातला जीवाणू आला कुठून?

मी निकालाचा कागद पाहिला आणि त्याच क्षणी मला कळलं. माझंच पाकीट. माझीच ओंजळ.

दुर्दैव असं — छे, दुर्दैव कसलं, माझी सोय अशी — की बेटाची माती तपासत होतो त्याच महिन्यांत आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या एका कामासाठी सोयाबीनच्या शेतांची माती आलेली होती, आणि तीही सारिकाच हाताळत होती. बैठकीत सरांनी शांतपणे विचारलं, "सोयाबीनचे नमुने कोणाकडे होते?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

ती उभी राहिली. म्हणाली, कोरा नमुना स्वच्छ आहे. कोरा नमुना म्हणजे ज्यात माती घालतच नाहीत, बाकी सगळं तसंच करतात. कामात घाण शिरली असती तर त्यात दिसली असती. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती — कोरा स्वच्छ आहे, सर. बरोबर सांगत होती. शास्त्राला धरून सांगत होती. त्या खोलीत तेव्हा ती एकटीच शास्त्रज्ञासारखी बोलत होती.

सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही तिथले. त्या जागी माणूस जात नाही ना?"

हे एवढंच वाक्य होतं. यावर माझं उत्तर काय असायला हवं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. सारिका माझ्याकडे बघत होती. तिच्या बाजूचं कुणी असेल तर तो मी, असं तिला वाटत होतं.

मी म्हणालो, "नाही, सर. कुणी जात नाही."

आणि वर — हे कुणी विचारलंही नव्हतं — मी म्हणालो, "नवीन हात आहे, होतं असं कधी कधी." आवाज मऊ ठेवून म्हणालो. तिची बाजू घेतल्यासारखा.

तिने हार मानली नाही. फ्रिजमध्ये उरलेल्या मातीतून पुन्हा सगळं केलं, एकटीने, सुट्टीच्या दिवशी येऊन. तोच निकाल. मग माझ्याकडे आली. म्हणाली, सर, आपण पुन्हा बेटावर जाऊ, नवी माती आणू, मी हात लावणार नाही, तुम्ही काढा, दुसऱ्या कुणी तपासा. किती साधा आणि सरळ उपाय होता! त्याने ती सुटली असती. मी म्हणालो, तात्यांची होडी दुरुस्तीला टाकलीय. होडी धडधाकट होती. त्याच महिन्यात मी तिच्यात बसून आईचं फडकं घेऊन गेलो. हो, गेलो. आईने विचारलं, "दाखवली का?" मी म्हणालो, दाखवली.

ते नमुने अभ्यासातून काढून टाकले. शोधनिबंध छापून आला. त्यात एक ओळ आहे, की हाताळणीत भेसळ झाल्याने एका जागेचे नमुने वगळले. लेखकांच्या यादीत माझं नाव दुसरं आहे. सारिकाचं नाही. सरांनी तिला विद्यार्थिनी म्हणून घेतलं नाही, आणि ते दुष्ट नव्हते. गलथान माणसावर विसंबता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. करार संपल्यावर ती मढला परत गेली. जाताना मला भेटायला आली होती. मी वर्ग आहे असं सांगितलं. वर्ग नव्हता.

इथवर मी भेकड होतो. भेकडपणा मला अजून समजू शकतो. त्याच्यासोबत जगायची मी सवयही करून घेतली होती. पण सांगायचं आहे ते याच्याही पुढचं, गेल्या हिवाळ्यातलं.

घाटघरच्या बाजूला एका शाळेत मुलांचं विज्ञान प्रदर्शन होतं. पाहुणा म्हणून मला बोलावलं. कुणी सुचवलं होतं ते मला गेल्यावर कळलं. सारिका तिथे विज्ञान शिकवते. लग्न झालंय, केसांत थोडी पांढरी झाक आहे. मला पाहून ती इतकी आनंदली, की मला खाली बघावं लागलं. मुलांपुढे उभं करून म्हणाली, "हे माझे सर." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मुलांनी वेगवेगळ्या रानांतली माती मांडली होती. प्रत्येक वाटीला वेगळा चमचा, चमच्याला त्याच रंगाचा दोरा. एका मुलीने चुकून दुसऱ्या वाटीचा चमचा उचलला, तर सारिका धावलीच. चमचा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मग हात धुतले, आणि परत धुतले. पाणी बर्फासारखं होतं. बोटं लाल झाली तरी तिचं थांबेना. ती मुलगी कावरीबावरी होऊन बघत राहिली. सारिकाच्या जुन्या चोखपणात हे नव्हतं. हे नंतर आलेलं होतं.

चहाला शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, "सर, एक बोलायचं राहिलं होतं. लई वर्षं झाली." मला वाटलं, तिला कळलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं झालं. आता ती मला बोलेल, जाब विचारेल, आणि हे संपेल.

ती म्हणाली, "त्या नमुन्यांचं. तेव्हा मी उगाच भांडले. माझ्याच हातून झालं असणार. घरी आल्यावर पुन्हा पुन्हा आठवून बघितलं — कुठं चुकले ते सापडत न्हाई, पण चुकले असणारच. दुसरं कारणच न्हाई ना." मग कपाकडे बघत म्हणाली, "आणि अजून एक. एकदा मला त्या होडीवाल्या तात्यांचं बोलणं आठवलं होतं. फडक्यातल्या मातीचं. मनात आलं, सरांनीच तर... तुमच्यावर शंका घेतली मी. तुमी एवढी बाजू घेतली माझी, आणि मी असला विचार केला. त्याची माफी मागायची होती."

आता सांगा — नाही, सांगू नका. मी काय केलं तेच सांगतो.

दार लोटलेलं होतं. घाई कसलीच नव्हती. मोठे सर निवृत्त होऊन लेकाकडे परदेशी गेलेत, प्रकल्प केव्हाच संपलाय. खरं बोलून माझं फारसं काही जाणारही नव्हतं. समोर ती बसली होती, लाल झालेली बोटं कपाभोवती धरून. माझ्या तोंडात शब्द आले होते. ते गिळून मी हसलो, आणि म्हणालो, "वेडी आहेस का? झालं गेलं. मी कधीच विसरलो ते. तूही विसर."

मी तिला माफ केलं.

तिने डोळे पुसले. म्हणाली, "हलकं वाटलं, सर." मग मला बसपर्यंत सोडायला आली, मुलांनी केलेला कागदी गुच्छ हातात दिला, आणि बस वळेपर्यंत हात हलवत उभी राहिली. तो गुच्छ मी घरी आणला. टेबलावर आहे. मघाशी आवरताना मी तो बाजूला ठेवला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

आईला हे माहीत नाही. तिला वाटतं, तिचा मुलगा एवढा शिकून रीत पाळतो. उन्हाळा आला की ती फडकं पुढे करते आणि मी घेतो.

सारिकाचं काम स्वच्छ होतं. त्या बेटावर सोयाबीनची माती मी टाकली, माझ्या हाताने, आणि निकाल हातात आला त्या क्षणापासून मला ते माहीत होतं.